काच कशी फुटणार, हे आधीच ठरलेले असते

१५ फेब्रुवारी २०१३ची सकाळ. रशियातल्या उरल पर्वताजवळच्या चेल्याबिन्स्क शहरात लोक कामाला लागले होते. सव्वानऊ वाजून गेले आणि आकाशात एकाएकी सूर्यालाही मागे टाकील असा प्रकाश पसरला. सुमारे २० मीटर व्यासाची एक उल्का वातावरणात शिरून जवळपास ३० किलोमीटर उंचीवर फुटली होती. काय झाले ते पाहायला माणसे घराघरांतून, कचेऱ्यांतून खिडक्यांपाशी गोळा झाली. प्रकाश लगेच दिसतो. स्फोटाच्या धक्क्याला मात्र हवेतून यायला वेळ लागतो. तो दोन मिनिटांहून थोड्या अधिक वेळाने शहरावर आदळला आणि हजारो खिडक्यांच्या काचा आतल्या माणसांवर फुटल्या. सुमारे दीड हजार लोकांना उपचार घ्यावे लागले. सुदैवाने कोणी दगावले नाही. पण यातल्या बहुतेकांना उल्केने नव्हे, खिडकीच्या काचेने जखमी केले होते.

त्या शहरातल्या एका शाळेत यूलिया कार्बिशेवा या शिक्षिकेने प्रकाश दिसताच वर्गातल्या ४४ मुलांना बाकांखाली बसायला लावले. मुले वाचली. बाई स्वतः उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या हातात काच घुसली आणि बोटे हलवणारी कंडरा तुटली.

आपल्या गावावर उल्का फुटण्याची शक्यता नगण्य. पण बाईंच्या हाताला झाली तशी जखम कोणत्याही सार्वजनिक रुग्णालयाच्या अपघात विभागाला चांगली ओळखीची असते. कोणी धावत येऊन दाराच्या काचेवर हात टेकवलेला असतो, कोणी अडकलेली स्लायडिंग खिडकी जोर लावून ढकललेली असते, कोणी न्हाणीघरात घसरून काचेच्या पार्टिशनवर पडलेले असते, तर कुठे लहान मूल टीपॉयवर चढलेले असते. यातल्या कितीतरी जखमा टाळता येण्यासारख्या असतात. कारण काच फुटेल की नाही हे नशिबावर असले, तरी फुटली तर ती कशी फुटेल हे कारखान्यातच ठरलेले असते.

चार बोटांच्या रुंदीत सोळा गोष्टी

पडताना किंवा धडकताना माणूस हात पुढे करतो. हात काचेतून आरपार जातो आणि पुढच्याच क्षणी तो आपण झटक्यात मागे ओढतो. पहिली जखम आत जाताना होते. चौकटीत उभ्या राहिलेल्या सुळ्यांमुळे मागे ओढताना ती आणखी खोल जाते.

मनगटाच्या पुढच्या बाजूला, जेमतेम चार बोटे रुंदीच्या जागेत बोटे आणि मनगट वाकवणाऱ्या १२ कंडरा असतात. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. डॉक्टर तिला टेंडन म्हणतात. त्यांच्या सोबतीला दोन मुख्य मज्जातंतू आणि दोन धमन्या. वर फक्त त्वचा आणि थोडीशी चरबी. काचेची ताजी कड शस्त्रक्रियेच्या पात्याच्या तोडीची असते. त्यामुळे बाहेरून दोन टाक्यांची वाटणारी जखम आतून तीन कंडरा आणि एक मज्जातंतू तोडून गेलेली असू शकते.

कंडरा जोडता येते. पण जोडल्यावर साधारण सहा आठवडे पट्टी, त्यासोबत फिजिओथेरपीचे नेमके व्यायाम आणि जड कामासाठी तीन महिन्यांची वाट, हे चुकत नाही. मज्जातंतूचे गणित याहून संथ असते. जोडलेला तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने पुढे वाढतो. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर १८ ते २० सेंटिमीटर धरले, तर बोटाच्या टोकाला स्पर्श कळायला सहा महिने किंवा त्याहून अधिक लागतात, आणि तो पूर्वीसारखा होईलच याची खात्री कोणी देत नाही. शिलाई करणारी बाई, गवंडी, इलेक्ट्रिशियन, तबलजी यांच्यासाठी ही जखम म्हणजे मिळकतीलाच लागलेली कात्री.

वाळू, सोडा आणि कथलाचे तळे

खिडकीच्या काचेत सुमारे ७० टक्के भाग सिलिकाचा, म्हणजे शुद्ध वाळूचा असतो. नुसती वाळू वितळवायला १७०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागते. सोडा ॲश मिसळली की ते बरेच खाली येते. पण सोडा आणि वाळूची काच पाण्यात विरघळते, म्हणून तिला टिकाऊ करायला चुनखडी आणि डोलोमाइट घालतात. हे मिश्रण दीड हजार अंशांच्या वर तापलेल्या भट्टीत वितळते. ही भट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षे रात्रंदिवस चालू राहते.

वितळलेल्या काचेचा सपाट तक्ता करणे हेच फार काळ अवघड काम होते. जुन्या काळी काच फुंकून गोल फिरवीत तबकडी करत, किंवा मोठी नळकांडी फुंकून ती उभी चिरून सपाट करत. अशा काचेत लाटा राहत, जाडी सारखी नसे. युरोपातल्या जुन्या चर्चच्या काचा खाली जाड दिसतात त्या यामुळेच. काच शतकानुशतके खाली ओघळत राहते ही गोष्ट ऐकायला छान, पण खरी नाही. लंडनमध्ये १८५१च्या प्रदर्शनासाठी जोसेफ पॅक्स्टन यांनी उभारलेल्या क्रिस्टल पॅलेसला सुमारे तीन लाख काचा लागल्या, त्या सगळ्या अशा हाताने फुंकलेल्या नळकांड्यांतून आल्या होत्या. आरशासारखी सपाट काच हवी असेल तर ती दोन्ही बाजूंनी घासून पॉलिश करावी लागे आणि ती श्रीमंतांच्याच दुकानांत दिसे.

इंग्लंडमधल्या सेंट हेलेन्स गावात पिल्किंग्टन कंपनीत काम करणाऱ्या ॲलिस्टेअर पिल्किंग्टन यांना १९५२मध्ये वेगळी कल्पना सुचली. आडनाव सारखे असले तरी ते मालकांच्या घराण्यातले नव्हते. कल्पना अशी, की काच घासून सपाट करण्याऐवजी ती मुळातच सपाट असलेल्या पृष्ठभागावर तरंगत ठेवायची. असा पृष्ठभाग म्हणजे वितळलेले कथील. कथील २३२ अंशांना वितळते, सुमारे २६०० अंशांपर्यंत उकळत नाही आणि काचेपेक्षा जड असते. हजार ते अकराशे अंशांची रसरशीत काच त्याच्यावर ओतली की तेलासारखी पसरते. खालची बाजू कथलामुळे सपाट, वरची गुरुत्वाकर्षणामुळे. कथलावर गंज चढू नये म्हणून वर नायट्रोजन आणि हायड्रोजनचे वातावरण ठेवतात. सहाशे अंशांपर्यंत थंड झाली की काचेचा सलग पट्टा उचलून पुढे नेता येतो. ऐकायला सोपे असले तरी पहिल्या मोठ्या प्रकल्पात १४ महिने विकण्याजोगी काच निघालीच नाही. अखेर जानेवारी १९५९मध्ये ही पद्धत जाहीर झाली आणि आज जगातली खिडक्यांची बहुतेक काच याच ‘फ्लोट’ पद्धतीने तयार होते.

भारतात ती १९९०च्या दशकात आली. रायगड जिल्ह्यातल्या तळोज्यात आणि गुजरातमधल्या अंकलेश्वरमध्ये कारखाने उभे राहिले. महाराष्ट्राला काच नवी नव्हती. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना विसाव्या शतकाच्या आरंभीचा, आणि ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील तर घरोघरी होता. पण घराच्या भिंतींत काच बेताचीच असे. वाड्याच्या किंवा चाळीच्या खिडकीला लाकडी फळ्यांची दारे आणि वरच्या भागात वीतभर काचा. हात टेकतो त्या उंचीवर लाकूड, लोखंडी गज नाहीतर जाळी. स्वस्त, सपाट आणि मोठ्या काचा मिळू लागल्यावर तीच काच जमिनीपर्यंत आली. दार, पार्टिशन, बाल्कनीचा कठडा, जिन्याची बाजू, टीपॉय सगळे काचेचे झाले. काच माणसाच्या वाटेत आली; ती निवडण्याची सवय मात्र खिडकीच्या काळातलीच राहिली.

ताण काढलेली आणि ताण भरलेली

कथलावरून उतरलेला पट्टा लगेच गार केला तर त्याचे बाहेरचे थर आधी आक्रसतात, आतले नंतर, आणि काचेत ताण अडकून बसतो. अशी काच कापायला गेले की वाटेल तशी तडकते. म्हणून तिला लांबलचक बोगद्यातून हळूहळू थंड करत नेतात. या प्रक्रियेला ॲनीलिंग म्हणतात. यातून निघते ती आपली रोजची साधी काच. हिरकणीने ओरखडा ओढून वाटेल त्या मापाची तोडता येते, हा तिचा मोठा गुण.

तोच तिचा दोषही. काच मुळात कमकुवत नसते, पण तिच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म भेगा असतात. इंग्रज अभियंते ग्रिफिथ यांनी १९२०च्या सुमारास दाखवून दिले, की दाब आला की सगळा ताण या भेगांच्या टोकांशी एकवटतो. भेग सुटली की तिला थांबवणारे आत काही नसते. साधी काच अशी लांब, टोकदार सुऱ्यांसारखी फुटते. ती जड असते हेही लक्षात घ्यायला हवे. एक चौरस मीटरची नुसती एक एमएम जाडी अडीच किलो भरते. म्हणजे पाच एमएमच्या मोठ्या खिडकीतून सुटलेला तुकडा सहज दोन-तीन किलोचा असू शकतो. ‘जाड काच घेतली, आता भीती नाही’ असे पुष्कळांना वाटते. पण साधी काच जाड घेतल्याने सुरा फक्त जड होतो.

टफन्ड काचेत कारखाना नेमके उलट करतो. कापून, भोके पाडून, कडा घासून तयार केलेली काच पुन्हा सहाशे अंशांच्या वर तापवतात आणि दोन्ही बाजूंनी हवेचे जोरदार झोत सोडून काही सेकंदांत बाहेरून गार करतात. बाहेरचा थर आधी कडक होतो. आतला भाग सावकाश थंड होताना आक्रसू पाहतो आणि बाहेरच्या थराला आत खेचून धरतो. पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहिल्याने तिथल्या भेगा मिटलेल्या राहतात. ही काच त्याच जाडीच्या साध्या काचेच्या चार ते पाच पट ताकदीची होते. या तत्त्वाचा खेळ सतराव्या शतकात युरोपच्या राजदरबारांत दाखवत. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात टाकला, तर त्याचे डोके हातोड्याला दाद देत नाही, पण बारीक शेपटी मोडली की सगळा थेंब क्षणात भुगा होतो. त्याला प्रिन्स रूपर्टचा थेंब म्हणतात.

टफन्ड काचही तशीच जाते. भेग आतल्या ताणलेल्या थरात पोहोचली की सगळा साठलेला ताण एकदम सुटतो आणि अख्ख्या तक्त्याचे खडीसाखरेसारखे दाणे होतात. रस्त्यावरच्या अपघाताच्या जागी मोटारीच्या बाजूच्या काचेचे असे दाणे पडलेले सर्वांनी पाहिलेले असतात. युरोपीय मानकानुसार चार ते बारा एमएम जाडीच्या काचेचे पाच सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनात किमान ४० तुकडे व्हावे लागतात. या दाण्यांनी खरचटते, लहानसहान जखमाही होतात. पण मनगट आरपार चिरण्याचा धोका फार कमी होतो.

हिची एक खोडही माहीत असावी. काचेत कधी निकेल सल्फाइडचा बारीक कण राहून जातो. तो वर्षानुवर्षे सावकाश फुगत जातो आणि एखाद्या दिवशी कोणी हात न लावताही टफन्ड काच फुटते. ‘बाथरूमचे दार मध्यरात्री आपोआप फुटले’ यामागे असे कारण असू शकते. कारखान्यात तयार काच काही तास पुन्हा तापवून असे तक्ते आधीच फोडून बाजूला काढता येतात. या चाचणीला हीट सोक म्हणतात. कडेला किंवा कोपऱ्याला बसलेला फटका हीसुद्धा या काचेची दुखरी जागा आहे.

फुटूनही जागा न सोडणारी

१९०३मध्ये एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत एक चंबू खाली पडला. तो तडकला, पण विखुरला नाही. आत सुकून राहिलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या पापुद्र्याने तुकडे धरून ठेवले होते. मोटारींच्या अपघातांत काचेने जखमी झालेल्या लोकांच्या बातम्या वाचून त्याला या चंबूची आठवण झाली आणि १९०९मध्ये त्याने लॅमिनेटेड काचेचे पेटंट घेतले. आज दोन काचांमध्ये पीव्हीबी नावाच्या चिवट प्लास्टिकचा पातळ पडदा ठेवून उष्णता आणि दाब देतात. मोटारीची पुढची काच अशीच असते. ती कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकते, पण तुकडे पडद्याला चिकटून राहतात आणि सहसा भोक पडत नाही.

दोन्ही ‘सुरक्षा काचा’ असल्या तरी त्यांची कामे वेगळी आहेत. टफन्ड काच फुटली की जागा रिकामी होते. न्हाणीघराच्या दाराला ते चालेल. आठव्या मजल्यावरच्या बाल्कनीच्या कठड्याला चालणार नाही, कारण तिथे काच जाऊन माणूस मागोमाग जाऊ शकतो. म्हणून कठडा, जमिनीपर्यंतची उंचावरची खिडकी, डोक्यावरचे काचेचे छत आणि जिन्याच्या पायऱ्या इथे लॅमिनेटेड काचच हवी. स्फोटाची भीती असलेल्या ठिकाणीही तीच उपयोगी. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूतच्या बंदरात झालेल्या स्फोटानंतर तिथल्या रुग्णालयांत काचेने चिरलेल्या लोकांची रीघ लागली होती.

आत तारेची जाळी असलेली काच मात्र सुरक्षा काच समजू नये. ती आगीत फुटल्यावर जागेवर टिकावी यासाठी बनवलेली असते. हाताच्या धक्क्याला ती साध्या काचेपेक्षा मजबूत नसते, आणि आरपार गेलेला हात तारांत अडकून अधिक फाटतो. शाळांच्या आणि जुन्या दवाखान्यांच्या दारांना ती अजून दिसते.

कुठे धोका अधिक?

काचेच्या जखमा विशिष्ट जागी होतात, हे बऱ्याच देशांनी पूर्वीच हेरले. अमेरिकेने १९७७मध्ये दारे आणि न्हाणीघरांच्या काचांसाठी सुरक्षेचे सक्तीचे मानक केले. ब्रिटनमध्ये दारातील आणि दाराच्या दोन्ही बाजूंच्या ३०० एमएम पट्ट्यातील काच जमिनीपासून १५०० एमएम उंचीपर्यंत, आणि इतर भिंतींत ८०० एमएमपर्यंत ‘धोक्याची जागा’ मानतात. यामागचा विचार सरळ आहे. दाराशी मोठ्या माणसाचे हात आणि खांदे धडकतात; भिंतीशी खाली रांगणारी, धावणारी मुले.

आपल्याकडेही नियम नाहीत असे नाही. भारतीय मानक ब्युरोचे आयएस २५५३ हे सुरक्षा काचेचे मानक आहे. आयएस १६२३१ या संहितेचा चौथा भाग माणसाची काचेशी होणारी धडक याच विषयाला दिलेला आहे. राष्ट्रीय इमारत संहितेतही काचेवर स्वतंत्र प्रकरण आहे आणि २०२०मध्ये केंद्राने सुरक्षा काचेसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. मोठ्या इमारतीच्या दर्शनी भागाला वास्तुविशारद हे पाहतो. अडचण पुढे येते. फ्लॅटचा ताबा मिळाल्यावर घातलेले पार्टिशन, दुकानाचे दार, क्लासची केबिन, बंद केलेली बाल्कनी ही कामे फॅब्रिकेटरशी तोंडी बोलून होतात. ‘पाच एमएम टाकतो’ एवढेच ठरते. ती पाच एमएम कोणती, हे विचारले जात नाही.

घरात साधी काच आधीच बसलेली असेल तर सगळी बदलायलाच हवी असे नाही. दारे, न्हाणीघर आणि जमिनीलगतच्या काचा आधी पाहाव्यात. बदलणे शक्य नसेल तर चांगल्या दर्जाची सेफ्टी फिल्म चिकटवल्याने तुकडे बऱ्याच अंशी धरून राहतात. मोठ्या पारदर्शक दारावर मोठ्यांच्या आणि मुलांच्या नजरेच्या उंचीवर ठळक पट्ट्या लावाव्यात, कारण न दिसल्यामुळेच बरेच लोक काचेवर आदळतात. अडकणारी स्लायडिंग खिडकी काचेवर हात ठेवून नव्हे, चौकटीला धरून सरकवावी. टीपॉयवर मुलांना चढू देऊ नये.

जखम झालीच तर

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने जखमेवर सलग दाब द्यावा आणि हात छातीच्या वर उचलून धरावा. मोठा तुकडा रुतलेला असेल तर तो ओढून काढू नये. तोच कधी कधी तुटलेली धमनी दाबून धरत असतो. त्याच्या दोन्ही बाजूंनी दाब देऊन, तो हलणार नाही अशी पट्टी बांधून रुग्णाला न्यावे. हळद, कॉफी, चुना असे काही भरू नये; त्याने जंतुसंसर्ग वाढतो आणि शल्यचिकित्सकाचे काम अवघड होते. दोरी किंवा तार करकचून बांधू नये. बोट तुटून वेगळे झाले असेल तर ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावे आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात ठेवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

जखम लहान आहे म्हणून घरीच पट्टी बांधण्याआधी प्रत्येक बोट वेगवेगळे वाकवून पाहावे. एखादे बोट वाकत नसेल, टोकाला मुंग्या येत असतील किंवा स्पर्श कळत नसेल, तर रक्त थांबलेले असले तरी त्याच दिवशी रुग्णालयात जावे. तुटलेली कंडरा पहिल्या काही दिवसांत जोडणे सोपे. महिन्याने तिची टोके आक्रसून दूर गेलेली असतात. काच पारदर्शक असल्यामुळे एक्स-रेत दिसत नाही हा समज चुकीचा आहे. दोन एमएमहून मोठे बहुतेक तुकडे साध्या एक्स-रेत दिसतात, म्हणून ‘आत काहीतरी टोचते’ असे वाटल्यास तो काढून घ्यावा. धनुर्वाताच्या लसीची चौकशी डॉक्टरांकडे करावी.

काच विकत घेताना

डोळ्यांना साधी आणि टफन्ड काच सारखीच दिसते. म्हणून फॅब्रिकेटरला तीन गोष्टी विचाराव्यात: काच साधी, टफन्ड की लॅमिनेटेड, बिलावर तसे लिहून मिळेल का, आणि काचेच्या कोपऱ्यात न पुसला जाणारा शिक्का आहे का, ज्यात उत्पादकाचे नाव आणि आयएस २५५३ हा क्रमांक दिसेल. पोलराइज्ड गॉगल लावून तिरक्या नजरेने पाहिले तर टफन्ड काचेवर सहसा गडद ठिपके किंवा पट्टे दिसतात. हवेच्या झोतांनी भरलेल्या ताणाच्या त्या खुणा असतात. टफन्ड काच नंतर कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. त्यामुळे ‘टफन्ड आहे’ म्हणून आणलेली काच कारागीर जागेवरच मापात कापू लागला, तर काम तिथेच थांबवावे. शिक्काही नाही आणि बिलावर उल्लेखही नाही, अशी काच साधीच आहे असे समजून ती दाराला लावू नये.